पैशांच्या जागी

तिला गाडीत घेतलं असतं, तर काय झिजलं असतं तुमचं? दोन दिवसांत तीन गाड्या आल्या. पाण्याचा टँकर, डिझेलचा टेम्पो आणि रानगाढवांचे फोटो काढायला आलेली एक पांढरी जीप. तिन्ही गाड्यांतल्या कुणी ना कुणी खोपीत डोकावून लाभूला पाहिलं, आणि तिन्ही गाड्या तिला न घेता गेल्या. मी कुणाचं नाव घेत नाही. ज्याचं त्याला ठाऊक आहे. पुढे जे झालं ते झालं तसं सांगते. त्यातलं मला किती कळलं, ते मात्र विचारू नका.

मी रणात, या खाऱ्या वाळवंटात, तंबूशाळेत शिकवते. मीठ पिकवणाऱ्या अगरियांचीच मुलगी आहे, बी.ए. होऊन परत आले. कंकू आणि तिचा धाकटा भाऊ घुघो दोन दिवस शाळेत फिरकले नव्हते, म्हणून त्या दुपारी हजेरीची वही आणि पाण्याचा कॅन सायकलला लावून मी त्यांच्या मिठागराकडे निघाले. मार्च सरत आला होता. जमीन आणि आभाळ यांच्यातली रेघ पुसून गेली होती. लांबची खोप पाण्यावर तरंगल्यासारखी दिसत होती, आणि मी कितीही पायडल मारलं तरी ती तेवढीच लांब राहत होती.

जवळ पोचले तेव्हा लक्षात आलं, की मशीनचा आवाज येत नाहीये. खारं पाणी उपसणारं ते मशीन आमच्याकडे दिवसरात्र धडधडत असतं. आम्ही त्या आवाजात झोपतो, त्या आवाजातच जन्मतो. ते थांबलं की कानात कुणी कापूस कोंबल्यासारखं वाटतं.

पोरांची आई लाभू खाटेवर होती. बाळंत होऊन तिला पाच दिवस झाले होते. अंग तापलेलं, ओठांवर पापुद्रे, आणि गोधडीखालून येणारा तो गोडसर, कुजका वास... बाळ तिच्या कुशीत चुळबुळत होतं. तिचा नवरा जीवण आदल्या दिवशी सायकलवर गाडी शोधायला गेला होता, तो अजून आला नव्हता.

"बेन," लाभू पुटपुटली, "मशीन कुणी बंद केलं? वाफा सुकेल ना."

"डिझेल संपलंय, लाभूबेन. बोलू नका तुम्ही."

बाहेर सावलीला कंकू, घुघो आणि शेजारच्या मिठागरातला विहलो बसले होते. विहलोनं सांगितलं, की रणछोडकाका संध्याकाळी विहलोच्या घरच्या राशीवरचं मीठ भरायला ट्रक घेऊन येणार आहे.

"मग तो नेईल की," मी म्हणाले.

"फुकट नाही नेणार. त्यानं स्वतःच्या सासूकडून भाडं घेतलंय." विहलो दहा वर्षांचा होता, पण बोलायचा मोठ्या माणसासारखा. "माझ्या बापूनं विचारलं सकाळी. म्हणाला, फेरा बुडतो, दोन हजार पडतील. ते पण आधी."

माझ्या पाकिटात एकशेचाळीस रुपये होते. विहलोच्या घरची माणसं मीठ विकलं जाईपर्यंत उधारीवर जगतात. मी उगाच वहीची पानं चाळत उभी राहिले.

कंकूनं आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अकरा वर्षांची पोर, दोन रात्री जागून डोळे आत गेलेले. "बेन, पैसे आहेत," ती म्हणाली. "पण आमचे नाहीत."

पलीकडचं मिठागर देवशीबापांचं. ते गेले त्याला दोन वर्षं झाली, आणि त्यांचा वाफा कुणी केला नाही. आमच्यात माणूस जळतो, पण पाय जळत नाहीत. जन्मभर मिठात उभं राहून ते असे कडक होतात, की चिता विझली तरी तसेच उरतात. मग ते मीठ घालून वेगळे पुरायचे. माझ्या बापाचेही तसेच पुरलेत. देवशीबापांचे त्यांच्या वाफ्याच्या कडेलाच होते. रानगाढवांनी वरची माती तुडवली होती, आणि त्या सकाळी घुघोला तिथे निळ्या प्लास्टिकचं टोक दिसलं होतं. आत नोटा होत्या. मिठानं पापडासारख्या कडक झालेल्या. त्या तिथे कुणी ठेवल्या, कशासाठी, हे मी नंतर त्यांच्या घरच्यांना विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. पोरं मला त्या खड्ड्याशी घेऊन गेली.

"पायांना पैसे कशाला लागतात?" विहलो म्हणाला. "चपला घ्यायच्यात?"

"हसू नको," घुघो म्हणाला. "बापा खाली आहेत."

"बापा नाहीत, बापांचे पाय आहेत. पायांना कान नसतात."

"दोन हजारच घेऊ," कंकू म्हणाली. "बाकीचे राहू देत."

"बाकीच्यांचं डिझेल येईल की. आई सारखी मशीनचं विचारते." घुघोनं नाक पुसलं.

"आणि मी? मी पण होतो उकरायला. मला निदान एक बॉल..." विहलोनं कंकूकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "राहू दे. बॉल नको."

माझा धीर सुटत चालला होता. खोपीत बाई मरत होती, आणि ही पोरं खड्ड्याभोवती बसून न्यायनिवाडा करत होती. "मेलेल्यांना पैसे लागत नाहीत," मी म्हणाले. "उचला आणि चला."

कुणी हललं नाही.

"बेन, बदली ठेवल्याशिवाय कसं घ्यायचं?" कंकूनं विचारलं.

तिचंही खरं होतं. रणात खोपीला कुलूप नसतं. मालक नसताना दंताळं न्या, घमेलं न्या, कुणी काही म्हणत नाही. पण त्याच्या जागी आपली एक वस्तू ठेवून जायचं. त्याची वस्तू परत आणली की आपली उचलायची. तोवर ती त्याची. हे आम्हाला चालायला येण्याआधी कळतं.

घुघोनं खिशातून गोटी काढली.

"दोन हजारांची गोटी?" विहलो म्हणाला. "बरोबरीचं काहीतरी पाहिजे."

बरोबरीचं त्यांच्या घरात काय असणार? सूर्य खाली उतरला होता. लांब धुळीचा एक लोट उठून आमच्या बाजूला वळत होता. ट्रक. मी कंकूचा दंड धरला. "काहीही ठेव गं. तुझं पाऊल ठेव हवं तर, पण चल."

हे मी म्हणाले. मीच म्हणाले.

कंकूनं क्षणभर विचार केला. मग उजवा पाय उचलून खड्ड्यातल्या ओल्या मातीत दाबला. "बापा," ती हळूच म्हणाली, "हे तोवर तुमचं."

पाय बाहेर काढताना तिला दोन्ही हातांनी गुडघा ओढावा लागला.

"काय झालं?"

"खाली गार आहे, बेन... फार गार." त्या उन्हात तिचे दात वाजत होते. "आणि कुणीतरी..."

"कुणीतरी काय?"

"काही नाही. चला."

मी खड्ड्यात पाहिलं. पाचही बोटं स्वच्छ उमटली होती. आजूबाजूच्या मातीतून खारं पाणी पाझरत होतं, पण त्या ठशात एक थेंब उतरत नव्हता. मी पायानंच माती लोटली आणि दोन हजार मुठीत घेऊन निघाले.

रणछोडनं नोटा हुंगल्या. "लोणच्यात मुरवल्या होत्या का, बेन?" असं म्हणून खिशात घातल्या. आम्ही लाभूला पुढच्या बाकावर निजवलं, बाळ मी घेतलं. विहलोच्या आईनं घुघोला ठेवून घेतलं. कंकू ट्रकपर्यंत उजवा पाय फरपटत आली. मला वाटलं, थकलीये पोर.

दिवस मावळला. ट्रकच्या दिव्यांपुढे पांढरी जमीन सरकत होती. कंकू माझ्या पायांशी बसली होती. खूप वेळानं तिनं माझा पदर ओढला.

"बेन... माझा पाय मागे राहिलाय."

मी खाली वाकून चाचपलं. पाय जागेवर होता. पण हाताला लागलं ते पहाटेच्या वाफ्यातल्या पाण्यासारखं गार काहीतरी होतं, आणि घोट्याच्या वर तिचं अंग मात्र गरम होतं.

शहरातल्या दवाखान्यात त्यांनी खूप धावपळ केली. तिसऱ्या दिवशी लाभूचा ताप उतरला. पाचव्या दिवशी जीवण शोधत शोधत पोचला आणि तिच्या उशाशी बसून रडला. सहाव्या दिवशी तिनं रोटला मागितला. कंकूच्या पायाला मात्र सुई टोचली तरी कळत नव्हतं, रक्तही येत नव्हतं. कातडी पांढरी, टाच भेगाळलेली, तळवा लाकडासारखा, जन्मभर मिठात उभं राहिलेल्या माणसाचा असतो तसा. तरुण डॉक्टरनं तिचं वय दोनदा विचारलं.

"पैसे परत ठेवले की माझा पाय मिळेल," कंकू त्याला समजावल्यासारखी म्हणाली. "पण तेच पैसे पाहिजेत."

मी बी.ए. झालेली बाई. मी कानातलं विकलं, दोन हजार बाजूला काढले आणि रणछोडला फोन केला, की हे घे आणि माझ्या त्याच नोटा मला आणून दे. पाया पडते म्हणाले.

दहाव्या दिवशी दिवेलागणीला तो आला. अंगाला डिझेलचा वास, हातात लाभूसाठी चार चिकू. आम्ही वॉर्डाबाहेरच्या ओसरीत उभे राहिलो. दारातून मला कंकू दिसत होती. आईच्या खाटेखाली चटईवर झोपलेली, उजवा पाय चादरीबाहेर. दहा दिवसांत ती त्या इमारतीबाहेर पडली नव्हती.

"त्याच नोटा कुठून आणू, बेन? दुसऱ्याच दिवशी पंपावर गेल्या." तो ओशाळला होता. "लाभू बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग पोरीला जरा समजवा. आई इथे, बाप इथे, आणि तिला तिकडे एकटीला ठेवलंत."

"कुठल्या पोरीला?"

"कंकूला. परवा पाहिली, काल पण पाहिली. देवशीबापांच्या वाफ्यात दंताळं ओढत होती. हाक मारली तर वळून बघेना. मी ट्रक थांबवून गेलो, तोवर दिसेनाशी झाली." त्यानं मागे पाहिलं आणि आवाज उतरवला. "पण मिठावर ठसे होते... या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळे उजव्या पायाचे. डावा पाय टाकते कुठे ती, बेन?"