उझुनोवांच्या सुना

आमचं आडनाव उझुनोव, म्हणजे 'उंचाच्या घरातले'. आमच्या कोचकोर गावच्या लग्नांत यावर हमखास हशा पिकतो, कारण चौकटीला डोकं टेकेल असा एकही पुरुष आमच्यात नाही.

उंच होता तो फक्त मूळ पुरुष. झारचा कारकून घराघरांतली नावं लिहायला आला तेव्हा पुरुष मेंढ्यांमागे वरच्या कुरणांवर होते, तंबूत एकटी सून. सासऱ्याचं नाव ती कसं घेणार? "आमचे उंच," म्हणाली. तेच आडनाव झालं. खरं नाव पुरुष विसरले. सुनांनी जपलं, न उच्चारता. नाव एखाद्या वस्तूवरून असेल, तर आमच्यात सून त्या वस्तूचाही उच्चार करत नाही.

माझ्या सासूबाई बुरुलअपा शेवटच्या अंथरुणावर होत्या. माझा मुलगा तिलेक उशाशी बसला.

"आजी, मूळ पुरुषाचं नाव सांग ना. शुक्रवारी मेलेल्यांसाठी रोट्या तळतो, सगळ्यांना नावानं बोलावतो. ते तेवढे उपाशी राहतात गं."

"मी या घरची सून आहे रे."

"आता कोण रागावणार तुला?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "ऐकताहेत."

दारात कुणी नव्हतं. चौकटीखाली वाकून कुणी आत यावं, तसा उजेड जरासा कमी झाला.

नाव त्यांच्याबरोबर गेलं. तिलेकनं टेकडीवर मूळ पुरुषाच्या कबरीशी काळी, तासलेली, माणसाएवढी खूण उभी केली. नावाची जागा कोरीच.

वसंतात त्याचं लग्न झालं. बेगिमाय शहरातली. "ती जुनी बंधनं माझ्याकडून नाही हं व्हायची, अपा," पहिल्याच दिवशी हसत म्हणाली.

एकदा तांदूळ निवडत होती.

"अपा, यात कठीण फार आहेत."

"काय आहेत?"

तिचे ओठ हलले. मग तिनं तळहात पुढे केला. त्यावर बारीक, करडे, नदीतले.

"शब्दच येत नाहीये," ती घाबरून म्हणाली.

बुरुलअपा त्यांना 'कठीण'च म्हणायच्या. हिनं त्यांना पाहिलंही नव्हतं. आणि या घरात आल्यापासून मीही दुसरं काही म्हटलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं.

तिलेकला टेकडीवर नेलं. त्या काळ्या खुणेवर हात आपटला. "हेच! हेच नाव!"

"आई, तिथं काही नाही, हेच तर दुखणं आहे ना!"

त्यानं मला धरून खाली आणलं. "तोंडानं सांगवत नसेल तर लिही," म्हणाला.

म्हणून लिहिलं. पुन्हा वाचून पाहिलं. तो शब्द कुठंच नाही.

आज शुक्रवार. बेगिमाय रोट्या तळते आहे. दारात कुणी नाही. तरी तिनं डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि मान खाली घातली.