न चाललेलं इंजिन

फिटरकाकांनी उभी हयात पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात घालवली होती. तेव्हा मुलाच्या रेसच्या गाडीचं इंजिन आपणच बांधायचं, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. अपघातात गाडीचा चेंदामेंदा झाला, मुलगा गेला. इंजिन तेवढं शाबूत राहिलं, पण जाम. ते घरामागच्या गॅरेजात लोखंडी स्टँडवर येऊन बसलं आणि काकांनी ते पुन्हा बांधायला घेतलं.

"त्या डॉक्टरकडे देऊन टाका ना," काकू म्हणाल्या. रेसचीच इंजिनं बांधणारा एक कारागीर होता, त्याला सगळे डॉक्टर म्हणत. "तुमचं वय काय, त्या धुडाचं वजन काय."

"परक्या हाताला कसली आलीय माया," काका म्हणाले.

काकूंनी पुन्हा विषय काढला नाही. बांधून झाल्यावर ते बसवणार कशात, हेही विचारलं नाही.

काम नेटकं झालं. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं. शेवटी काकांनी मधासारखं सोनेरी ऑइल ओतलं. पेट्रोल नव्हतं, बॅटरी नव्हती, साधी एक वायर जोडलेली नव्हती.

काही आठवड्यांनी धूळ पुसता पुसता त्यांनी सहज ऑइलची मोजपट्टी ओढून पाहिली. ऑइल काळंकुट्ट झालं होतं.

आधीची घाण राहिली असेल, असं म्हणत त्यांनी इंजिन उघडलं. नव्या पिस्टनांच्या माथ्यावर काजळी धरली होती. बेअरिंगांवर ओरखडे होते. हल्ली आपला हात कापतो, मोजण्यात चूक होते, असं स्वतःला समजावत त्यांनी पुन्हा मोजलं. चूक नव्हती. झीज होती.

कोणीतरी खोडी काढतंय म्हणून गॅरेजला कुलूप लागलं. सगळं पुन्हा नवं घातलं. ऑइल पुन्हा काळं झालं, आधीपेक्षा लवकर.

तेव्हा मात्र काकांनी गुमान इंजिन टेम्पोत चढवलं. काकूही शेजारी बसल्या. डॉक्टरनं दारातल्या उजेडात टेबल ओढलं आणि एकेक भाग मांडला.

"काका, बांधणी झकास आहे. मी काही वेगळं केलं नसतं. पण तुम्ही हे पळवता फार."

"सुरूच केलेलं नाही."

डॉक्टर हसला. मग काकांचा चेहरा पाहून पुन्हा टेबलाकडे वळला. त्यानं बेअरिंगची अर्धगोल पाती उन्हात धरली.

"लांब वळणावर गाडी दाबली की ऑइल एका अंगाला जातं. बेअरिंग कोरडं पडतं, त्याचे हे ओरखडे. पण वळण संपतं, सरळ रस्ता येतो, ऑइल जागेवर येतं." त्यानं पाती उलटीपालटी केली. "या इंजिनाला सरळ रस्ता मिळालेलाच नाही."

"कुठल्या बाजूचं वळण?" काकूंनी विचारलं.

"डावं असावं."

डाव्या वळणावरच इंजिन जाम झालं होतं आणि मुलाची गाडी रस्ता सोडून गेली होती. ती जागा दोघांनीही पाहिली होती.

"आता आणखी किती चाललं असतं?" काकांनी विचारलं.

"थोडंच. पुन्हा जाम होणार होतं. ठेवून जा, मी बांधतो. महिनाभर लागेल."

"तेवढा वेळ नाही," काका म्हणाले आणि भाग गोळा करू लागले.

परतताना काकूंनी एकदाच विचारलं, "अहो, तसंच सोडून दिलं तर?"

पुढे डावं वळण आलं तसा काकांनी टेम्पोचा वेग कमी केला.

तेव्हापासून नव्या भागांचा एक संच बांधून होईतो दुसरा मागवलेला असतो. काकांचे हात थरथरतात, म्हणून पाना आता काकू धरतात. ते बोट दाखवतात, त्या आवळतात. काम लांबलं की काकू हळूच म्हणतात, "चला, लवकर."

गेल्या वेळचं ऑइल आठवडाही टिकलं नाही.

रोज सकाळी मोजपट्टी काकूच ओढतात. ऑइल सोनेरी असलं की त्या दिवशी दोन घास जास्त जेवतात.

आज ते सोनेरी होतं. काकांनी दारातून मान हलवूनच विचारलं, काकूंनीही मान हलवून सांगितलं.

मग त्या नळाखाली बोट धरून उभ्या राहिल्या. मोजपट्टी धरताना भाजलं होतं.