कागदाचा कल

तिनं पाकीट बाईंच्या टेबलावर ठेवलं नाही, आपटलं.

"माझ्या धाकट्या भावाला तुरुंगात घालायचंय. किती दिवस लागतील?"

"आधी बसा," बाई म्हणाल्या. "तुरुंग कुठं पळून जात नाही."

मास्तरांना हसू आलं, पण त्या मुलीचा चेहरा बघून त्यांनी ते मिशीतच गिळलं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बाईंनी विमा कंपनीत बावीस वर्षं दावे तपासले होते आणि आता तेच काम स्वतःची पाटी लावून चालवलं होतं. बाई डोकं चालवतात आणि मास्तर चहा करतात, असं शेजारी म्हणत. ते फारसं खोटं नव्हतं.

मुलगी पस्तिशीची. नखांच्या कडांना वाळलेला सरस.

"बाबा पुस्तकं बांधायचे," ती सांगू लागली. "दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून दुकानही मी बघितलं आणि बाबांनाही. मृत्युपत्र काही त्यांनी केलं नाही. म्हणायचे, घर-दुकान तिघांचं, पण विम्याला तुझं नाव लावलंय. त्या पैशातून भावांचे वाटे दे आणि दुकान ठेव. महिन्यापूर्वी बाबा गेले. कंपनीत गेले तर कळलं, मरणाआधी तीन आठवडे नाव बदललंय. माझं काढून धाकट्याचं घातलंय! बाराव्या तारखेला. तेव्हाच तो सुट्टीवर घरी आला होता. जहाजावर असतो एरवी. बाबांना भेटायला आला म्हणून मी वेडी त्याचे लाड करत होते."

"तो काय म्हणतो?"

"मला ठाऊकच नाही म्हणतो. परवा पुन्हा आला, मी तोंडावर दार आपटलं. मोठा दादाही म्हणाला, हे धाकट्याचंच काम. तो होता म्हणून सावरले. विम्याचं जाऊ दे म्हणतो, दुकान विकू, तिघं वाटून घेऊ."

"आणि मग तुम्ही?"

"मग मी? दुसऱ्याच्या दुकानात रोजावर खळ लावीन."

बाईंनी पाकिटातलं कंपनीचं पत्र काढलं. ते तीन घड्यांत दुमडलेलं होतं. कडेला कड, केसाचाही फरक नाही, आणि दुमड अशी चकचकीत की जणू पट्टीनं आखलेली.

"ही घडी कंपनीची नाही," बाई म्हणाल्या.

"माझी आहे. आमच्याकडे वेडीवाकडी घडी घातली की टपली बसायची." एवढ्या रागातही तिचा आवाज जरा मऊ झाला. "कागद एका बाजूनं सुखानं वाकतो, दुसऱ्या बाजूनं कुरकुरतो. आधी वाकवून बघायचं, मग घडी, मग नखानं तीनदा दाबायचं. बाबा गाणंच म्हणायचे...

कल बघून कागदाचा मग घाल घडी,
उलट्या घडीची बसते जन्मभर अढी."

मास्तरांना ते इतकं आवडलं की त्यांनी चहाचं आधण उतू घालवलं.

•

विमा कंपनीतला कारकून बाईंना ओळखत होता. त्यानं मूळ अर्ज काचेखाली ठेवला. "बघा, पण हात लावू नका. पाकिटातून आला तसा फाइलीत ठेवलाय. त्यानंतर सहीला म्हणूनसुद्धा कोणी मागितला नाही."

मास्तरांनी नाकाला काच लागेपर्यंत वाकून बघितलं. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा होता. रेषा न् रेषा सुटी, नांगरलेल्या शेतासारखी. साक्षीदार म्हणून एजंटची सही.

"ठसा झकास उमटलाय," मास्तर म्हणाले.

"झकासच. आणि घडी?"

"घडीही झकास. तीन समान भाग. दुमड कशी चमकतेय बघा."

"मास्तर, आज तुम्ही दोन्ही गोष्टी बरोबर बघितल्या." मास्तर खूश झाले. आपण नेमकं काय बघितलं, हे मात्र त्यांना कळलं नाही.

बाईंनी कारकुनाला विचारलं, "धाकट्याला पत्र गेलं असेल ना?"

"दोन गेली. त्याच्या नावानं, मोठ्या भावाच्या पत्त्यावर. जहाजावर टपाल कोण पोचवणार?"

•

एजंट आपल्या खोलीत भेटला. त्याच्या पिशवीतून कागद कोबीच्या पानांसारखे बाहेर आले होते. रबरी शिक्का शोधायला त्याला पाच मिनिटं लागली.

"अंगठा माझ्या डोळ्यांसमोर घेतला," तो म्हणाला. "बारा तारखेला, दुपारी, दुकानाच्या वरच्या खोलीत. लेक औषध आणायला गेली होती. म्हाताऱ्यानं स्वतःच सांगितलं, धाकट्याचं नाव घाला. अर्ज मीच भरला, मीच पाकिटात घातला, मीच टाकला. तिसऱ्या माणसाचा हात लागला नाही."

"अगदी शपथेवर?"

"आईशप्पथ!"

"आईला कशाला त्रास देता," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

धाकटा बंदराजवळच्या लॉजवर सापडला. दाढी वाढलेली. बहिणीला लिहिलेलं एक पत्र त्याच्या खिशात होतं, घामानं ओलं झालेलं आणि समोशासारखं तिरपं दुमडलेलं.

"बाबांनी तुम्हाला बांधणी नाही शिकवली?"

"शिकवली की. टपल्या खाऊन खाऊन पंधराव्या वर्षी पळालो." तो कसनुसा हसला. "बाई, मला एक पैसा नको. पण ताईनं दार लावलं ना, ते अजून कानात वाजतंय."

"तुमचे व्यवहार कोण बघतं?"

"दादा. बँक, टपाल, सगळं. मी सही करून अधिकारच देऊन टाकलेत त्याला. वर्षातले दहा महिने पाण्यावर असतो मी. करणार काय?"

दादाच्या बैठकीत सगळं जागच्या जागी होतं. त्यानं पाणी दिलं, खुर्ची दिली, उसासाही दिला.

"धाकटा पहिल्यापासूनच असला. घर सोडून पळालेला. पण रक्ताचं नातं आहे, मला पोलीस नकोत." बोलता बोलता त्यानं विजेचं बिल उचललं, किंचित वाकवून बघितलं, दुमडलं आणि नख फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. "तो अर्ज तर मी आजतागायत डोळ्यांनी पाहिलेला नाही."

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "भला माणूस."

बाई भराभर चालू लागल्या. त्यांचे कान लाल झाले होते. मास्तरांना ठाऊक होतं, बाई संतापल्या की आधी कान पेटतात.

•

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. खळीचा आंबूस वास, पुठ्ठ्यांची थप्पी, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा. लेकीनं धाकट्याकडे पाठ केली होती. एजंट दाराला चिकटून उभा. दादानं बापाची रिकामी खुर्ची ओढली आणि तीत बसला.

"उठा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"त्या खुर्चीतून उठा."

तो उठला. बाई शिकंज्यामागच्या भिंतीकडे गेल्या.

"मास्तर, हे काय दिसतंय?"

भिंतीवर सरसाचे पिवळे डाग होते, शेकडो. म्हातारा काम करता करता सरसाचा अंगठा भिंतीवर दाबायचा, त्याचे. मास्तरांनी निरखून बघितलं. "ठसे आहेत... पण रेषा नाहीत. गुळगुळीत. नदीतले गोटे जसे."

"सगळे?"

"सगळे."

"चाळीस वर्षं गरम सरस याच डाव्या अंगठ्यानं दाबला," लेक हळूच म्हणाली. "इस्पितळातलं यंत्र बाबांचा अंगठा घेतच नव्हतं. नर्स वैतागायची."

"आणि अर्जावरचा अंगठा शेतासारखा नांगरलेला. म्हणजे तो तुमच्या बाबांचा नाही. एजंटसाहेबांनी भलत्याच कुणाचा अंगठा साक्षीला घेतला." एजंटनं दाराची कडी चाचपली. "आता अर्जाची घडी बघू. एजंट म्हणतात, पाकिटात त्यांनीच घातला. त्यांची पिशवी बघा, त्यात एक कागद सरळ असेल तर दाखवा. त्या अर्जाचा कल बघितलाय, कड जुळवलीय, तीनदा नख मारलंय. पाकिटात गेला तो तसा, आणि बाहेर आल्यावर त्याला कोणी हात लावला नाही. अशी घडी या घरातलाच हात घालतो. बाबांचा हात लुळा होता. धाकटा समोसे दुमडतो. उरले दोन हात. लेक स्वतःचंच नाव कशाला खोडेल?"

दादाच्या हातात कसलीशी पावती होती. ती त्यानं हळूच खिशात टाकली, चुरगळून.

"काल माझ्यासमोर विजेचं बिल दुमडलंत तेव्हा बरं नाही चुरगळलंत," बाई म्हणाल्या.

"मूर्खपणा!" दादा ओरडला. "नाव धाकट्याचं लागलंय! मला काय मिळणार त्यातून?"

"पैसे. धाकट्याचं टपाल तुमच्याकडे येतं. त्याचं खातं तुमच्या सहीवर चालतं. कंपनीची दोन पत्रं आली, ती त्याला दाखवलीत? तो जहाजावर गेला की पैसे तुमच्या हातात आणि शिव्या त्याच्या नावावर. तारीखही नेमकी त्याच्या सुट्टीतली." बाईंनी शाईची डबी उघडून टेबलावर ठेवली. "या. तुम्ही आणि एजंटसाहेब, दोघांनी डावे अंगठे उमटवा."

एजंटच आधी फुटला. "माझा नाही! अंगठा यांचा आहे, इथंच खाली घेतला! चार पॉलिसी मिळवून देतो म्हणाले. म्हातारा तसाही जाणारच आहे म्हणाले..."

"चार पॉलिसी," मास्तर म्हणाले. आपला आवाज चढलाय हे त्यांना उशिरा कळलं. "बाप जिवंत होता रे! वरच्या खोलीत पडला होता आणि खाली तुम्ही त्याचा अंगठा बनवत होता!"

दादा बहिणीकडे वळला. "तुला एकटीला एवढे पैसे कशाला लागतात? ना नवरा, ना पोरं. मी तुला उपाशी ठेवलं असतं का?"

लेकीनं त्याच्याकडे पाठ केली. मग धाकट्याकडे गेली आणि त्याच्या दाढीवर हात ठेवला. "मी तुझ्यावर दार आपटलं रे," ती म्हणाली. "ह्याचं ऐकून." धाकट्यानं खिशातलं पत्र काढून तिच्या हातात ठेवलं.

"खोटा अर्ज गळाला की जुनं नाव आपोआप उभं राहतं," बाई म्हणाल्या. "विमा तुमचा. आणि घर-दुकान तिघांचं, बाबा म्हणाले होते तसं."

लेकीनं थप्पीतला एक कोरा कागद ओढला आणि दादापुढे ठेवला. "काय केलंस ते लिही. दोघंही सह्या करा. पोलीस वाचतील."

एजंट हुंदके देत होता. दादानं लिहिलं, सही केली. शाई वाळली. मग सवयीनंच त्यानं कागद उचलला, किंचित वाकवला, कल बघितला. बोटं कडेला कड जुळवू लागली.

लेकीनं कागद त्याच्या हातातून हिसकावला.

"नाही. घडी नाही घालायची. ती बाबांची आहे."

आणि तो कागद तिनं तसाच, उघडा, सपाट, बाईंच्या हातात दिला.