त्रेचाळीस नियमांचे बारा

"अहो, तो माझा सँडल आहे!"

कॉम्प्युटर लॅबच्या दाराबाहेर, चपलांच्या ढिगात उभा असलेला तो उंच मुलगा दचकला. अर्धा पाय माझ्या सँडलमध्ये...

"सॉरी हं. डोक्यात नियम फिरत होते."

हा अभिमन, साक्रीचा. १९९९ साली जळगावच्या त्या कॉलेजात त्याने एक प्रोग्रॅम लिहिला होता. बाहेरून येणारी माहितीची पुडकी, म्हणजे पॅकेटं, आत सोडायची की अडवायची हे फायरवॉल नियम वाचून ठरवते. अभिमनचा प्रोग्रॅम त्या नियमांचा पसारा आवरायचा. त्रेचाळीसचे अकरा! अर्थ मात्र तसूभरही बदलता कामा नये. ते तपासायला धुळ्याच्या कॉलेजातून मी आले होते.

जुन्या आणि नव्या यादीवर मी तीच पॅकेटं सोडत गेले. उत्तरं जुळत होती, त्याचा चेहरा खुलत होता, आणि माझं लक्ष... जाऊ दे.

मग एक पॅकेट अडलं.

"धुळ्याचं सतरा नंबरचं मशीन. जुन्या यादीत धुळ्याचं तेवढं एकच आत, बाकीची बाहेर. तुमच्या यादीत तेही बाहेर!"

"सतरा नंबर वापरतं कोण?"

"मी."

त्याचे कान लाल झाले. दुपारपर्यंत दुरुस्ती केली. मी पुन्हा तपासलं, तर आता अख्खं धुळं आत!

"तुमच्यासाठी दार उघडायला गेलो—"

"आणि माझी वरातच आत घेतलीत?"

बोलून गेले नि जीभ चावली.

अहवाल त्याच दिवशी द्यायचा होता. 'नापास' म्हटलं की त्याचं काम बंद. माझं पेन अडखळलं.

"खरं तेच लिहा," तो हळूच म्हणाला.

लिहिलं. आणि धुळ्याच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले.

तीन आठवड्यांनी तो फ्लॉपी घेऊन आमच्या लॅबच्या दारात!

"काम बंद झालं, पण मी सोडलं नाही. आता बारा नियम आहेत."

सगळं तपासलं. एकही चूक नाही.

"फ्लॉपी पोस्टानेही आली असती," मी म्हणाले.

"पण पोस्टमनने तुम्हाला विचारलं नसतं... माझ्याशी लग्न कराल का, ते."

मी आधी अहवालावर 'पास' लिहिलं, सही केली.

"आता हो म्हणते. नाहीतर लोक म्हणतील, सोयऱ्याला पास केलं."

रविवारी तो माझ्या वडिलांसमोर, नानांसमोर, घाम पुसत बसला.

"काय काम करस रे भाऊ तू?"

"कोणाला आत सोडायचं, कोणाला अडवायचं, ते बघतो."

नाना माझ्याकडे वळले. "व बाई, हाऊ पोऱ्या ते वॉचमन शे!"

"असू दे नाना. मला हाच पाहिजे."

नानांनी त्याला खालून वर न्याहाळलं. बराच वेळ...

"बरं," ते म्हणाले, "रातनी ड्युटी ते नही ना?"