बारा ठिकाणांची यादी

चॅपेलच्या दाराबाहेर काढून ठेवलेले बूट दिसले आणि वल्लरी सायकलवरून उतरली. दक्षिण लिंबर्गच्या त्या टेकडीवरच्या गावात देवाच्या दारात बूट काढायची पद्धत नाही. तेव्हा आत जो कोणी होता तो आपल्याकडचाच, यात शंका नव्हती. एप्रिलची भुरभुर चालू होती आणि बूट बिचारे भिजत होते. तिने ते उचलून वळचणीला ठेवले, शेजारी आपलेही काढले आणि मोज्यांनिशी आत शिरली.

दोन बाकं, एक मेणबत्ती, मेरीची छोटी मूर्ती, आणि मूर्तीसमोर हात जोडून उभा असलेला एक उंच मुलगा. पावलांची चाहूल लागताच तो दचकला.

"आई गं..."

"मराठी," वल्लरी म्हणाली. "बुटांवरून निम्मा अंदाज आला होता. ते सुकायला ठेवलेत."

तो अंबरीश. मूळचा डोंबिवलीचा, आता ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या डीमनला राहायचा आणि शहरातल्या एका बँकेत सॉफ्टवेअर सांभाळायचा. हातात गावाचं माहितीपत्रक होतं. त्यात बारा ऐतिहासिक ठिकाणांची यादी.

"इतिहासाचं वेड आहे मला," तो ऐटीत म्हणाला. "तुम्ही पाहिलंय का हे गाव?"

आता खरं सांगायचं तर वल्लरीने ते गाव कोळून प्यायलं होतं. नायमेखनला चिप डिझाइनच्या नोकरीवर ती नवी नवी आली तो हिवाळा. शनिवारी घर खायला उठायचं, म्हणून ती ट्रेन पकडून इथे यायची. बाराही ठिकाणं तिने एकटीने पाहिली होती. ती 'हो' म्हणणारच होती, पण त्याच्या भुवईवर पावसाचा एक थेंब अडकला होता, तो काही केल्या पडेना... आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नाही. आजच आले."

मग काय, चॅपेल धरून एक झालं; पुढच्या आठवड्यापासून दर शनिवारी दोन ठिकाणं, असं ठरलं. अहो-जाहो दुसऱ्याच शनिवारी गळून पडलं.

काळ्या तुळयांची, पांढऱ्या भिंतींची जुनी घरं पाहताना तो म्हणाला, "अगं, हे तर आपल्या कोकणातलं कुडाचं घर. काठ्या विणायच्या, वर माती लिंपायची. हे असेल शंभरेक वर्षांचं."

दारावरच्या तुळईत सोळाशे अठ्ठ्याण्णव कोरलं होतं. वल्लरीने जीभ चावली. "किती माहिती आहे रे तुला," ती म्हणाली, आणि तो असा काही फुलला की तिला आपल्या खोटेपणाचा अभिमानच वाटला.

रस्त्याकडेच्या दगडी क्रॉसपाशी मात्र ती पकडलीच जाणार होती. त्यावरच्या ओळीत काही अक्षरं मोठी होती. ती रोमन आकडे म्हणून धरून बेरीज केली की बांधल्याचं साल निघतं. अंबरीश बोटं मोजत होता.

"सतराशे त्रेचाळीस," ती बोलून गेली.

"दोन सेकंदांत?"

"चिपवाल्यांचं गणित," ती म्हणाली, आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. नाडी बांधलेलीच होती.

पाचव्या शनिवारी कॅफेत दोघांनी व्लाय मागवली. पातळ पावाच्या वाटीत गोड भात भरलेला इथला पदार्थ.

"नारळीभात नारळाशिवाय," त्याने निकाल दिला, आणि दुसरा तुकडा घेतला. मग चमचा ठेवून म्हणाला, "माझं एकदा लग्न ठरता ठरता मोडलं. तिचं दुसरीकडे होतं. सगळ्यांना माहीत, मी सोडून. भांडण चालतं मला, वल्लरी... खोटं नाही चालत."

तिने उरलेला तुकडा बशीत बाजूला सारला. कारण एव्हाना ती त्याच्या प्रेमात पडली होती, अगदी आकंठ. आणि यादीत एकच ठिकाण उरलं होतं, नदीवरची पाणचक्की. ती शनिवारी चालवणारे याप आजोबा वल्लरीला नावाने ओळखायचे. फेब्रुवारीत तिने त्यांच्याबरोबर पिठाच्या पिशव्या भरल्या होत्या.

शेवटच्या शनिवारी ती म्हणाली, "चक्की राहू दे ना. पाऊस येईल."

"लख्ख ऊन आहे."

पुलावर पोचल्यावर चाकाचा धबधब आवाज ऐकू आला आणि तिचा धीर सुटला. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

"अंबरीश, थांब. मी हे सगळं आधीच पाहिलंय. बाराही ठिकाणं. त्या दिवशी खोटं बोलले."

तो बघतच राहिला. "का?"

"खरं सांगितलं असतं तर तू एकटा गेला असतास." ती म्हणाली. "आणि मला तू जायला नको होतास. तेव्हाही, आत्ताही. आता भांड हवं तर... पण जाऊ नकोस."

तो कठड्याला टेकून फिरत्या चाकाकडे पाहत उभा राहिला. खाली पाणी चढत होतं, सांडत होतं. वल्लरीला वाटलं, संपलं.

"म्हणजे ते घर शंभर वर्षांचं नव्हतं," तो शेवटी म्हणाला.

"सव्वातीनशे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू छान सांगत होतास."

त्याने मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मला इतिहासात दहावीला काठावरचे मार्क होते. त्या दिवशी नुसताच भटकायला आलो होतो, पावसात आडोसा म्हणून शिरलो चॅपेलमध्ये. पत्रक बसस्टॉपवर सापडलं होतं. डीमनहून इथे यायला अडीच तास लागतात. तेवढ्या वेळात ट्रेनमध्ये पाठ करायचो... तुझ्याशी बोलायला काहीतरी हवं ना."

वल्लरीला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. "खोटं चालत नाही म्हणे."

"दुसऱ्याचं," तो म्हणाला, आणि हलकेच तिचा हात हातात घेतला. तिने तो काढून घेतला नाही. "आवडतेस तू मला. फार. हे पाठ केलेलं नाही. पण आता पुढच्या शनिवारी काय करायचं? यादी तर संपली."

"नायमेखनला माझं घर आहे. तिसरा मजला, समोर रेल्वे, ऐतिहासिक असं काहीही नाही."

"येईन."

"ये," वल्लरी म्हणाली. "फक्त काही पाठ करून येऊ नकोस."