रिकाम्या जात्याचं पीठ

आई जाऊन तीन आठवडे झाले होते. दर गुरुवारी अर्धी रजा टाकून मी हैदराबादेतल्या विद्यानगरहून नल्लकुंट्याला बाबांचा डबा घेऊन जायची. प्रेमानं नव्हे. एक गोष्ट त्यांच्या तोंडावर विचारायची होती, आणि दर वेळी डबा ठेवून तशीच परत यायची.

बाबा, हिम्मतराव, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचं वाक्य ‘मी’नं सुरू व्हायचं आणि आवाज चढवून संपायचं. आई अंबरपेठेच्या सुग्राबींकडून सूफींची दखनी पदं शिकली होती, बायकांनी दळताना म्हणायची. ‘दळायचं ते गव्हाला नाही गं शैला, आपल्यातल्या मीपणाला,’ ती सांगायची. एकदा बाबांनी तिची पदांची वही दारातच फाडली. ‘हे गाणं माझ्या घरात नको.’ त्यानंतर एकोणीस वर्षं ती गुणगुणलीसुद्धा नाही. जातं बाल्कनीत गेलं, त्यावर कुंड्या आल्या. स्मशानातून परतताना बाबा म्हणाले, ‘मी तिला काय कमी केलं?’

त्या गुरुवारी अकराच्या सुमाराला दार उघडंच होतं. जातं हॉलच्या मधोमध. गुडघ्यांमुळे पलंगावरून उठायलाही ज्यांना हात द्यावा लागे, ते बाबा खाली मांडी घालून दळत होते आणि हलक्या आवाजात म्हणत होते,

‘पीसने बैठी सो पिस गई, मैं कां रई...’

दळायला बसली तीच दळली गेली, मी उरले कुठे? आईचंच पद. ऑटोवाल्यांवर ओरडण्यापलीकडे त्यांनी दखनी कधी वापरली नव्हती.

“बाबा, हे कुणी शिकवलं?”

त्यांनी मान हलवली. नकार होता की ताल, कळलं नाही.

मी वाकून पाहिलं. जात्याच्या तोंडात दाणा नव्हता. घरातही गहू नव्हता. आईनंतर पाकिटातला आटाच यायचा. तरी दोन दगडांमधून पांढुरकं पीठ झरत होतं. त्याला ओल्या लोखंडाचा वास होता.

चिमूटभर पुडीत बांधून प्रयोगशाळेत नेलं. अन्नाचे नमुने तपासणं हे माझं रोजचं काम. आयोडिनचा थेंब टाकला. पिठावर तो काळानिळा व्हायला हवा. पिवळाच राहिला. तीनदा केलं, तीनदा पिवळा.

“धान्याचं नाहीच हे, मॅडम,” माझा सहकारी गौतम म्हणाला. “कुठून आणलंत?”

मी पुडी सिंकमध्ये रिकामी केली आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला.

पुढच्या गुरुवारी शेजारच्या मुकुंदरावांनी मला जिन्यात थांबवलं. “माझी स्कूटर तीन दिवस त्यांच्या फाटकाला आडवी होती. एक शब्द बोलले नाहीत. तब्येत दाखवा बरं त्यांची.”

बाबा जात्यापाशीच होते. कपाळावरची उभी आठी गेली होती. चेहरा धुतल्यासारखा, तृप्त. ते पाहून माझी कानशिलं ठणकू लागली. आई तोंड मिटून गेली, आणि हा माणूस तिच्याच पदावर बसून सुटणार होता. माझ्या एकोणीस वर्षांच्या रागाचं मी काय करायचं?

“आईची वही तुम्ही फाडलीत,” मी म्हणाले.

“कुणी?”

सोंग नव्हतं. परक्याची हकीकत ऐकावी तसे ते बघत होते.

“तुम्ही. दारात उभं राहून, एकेक पान. ती पानं वेचत होती, आणि तुम्ही ती चपलेनं लांब सरकवत होतात.”

“अरेरे,” ते म्हणाले. “बिचारी.”

मी त्यांच्यासमोर धपकन बसले आणि जात्याचा खुंटा गच्च धरला.

दगड थांबला.

पीठ झरायचं थांबलं. खालून भाजीवाला ओरडत गेला. बाबांनी जात्याच्या तोंडात वाकून पाहिलं, मग माझ्याकडे.

“राग आणलायस ना?” आयुष्यात कधी माझ्याशी इतक्या मायेनं बोलले नव्हते. “बरं झालं.” त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. “इथलं संपत आलं होतं.”

त्यांनी खुंट्यावरचा हात काढून घेतला.

मला माझा काढता येईना.

मला त्यांना अजून एक गोष्ट सुनावायची होती. वहीचीच. कोणती, ते आठवेना.

दगड फिरला. माझ्या बाजूनं पीठ पडू लागलं. थोडं माझ्या पावलावर सांडलं. ते कोमट होतं.