तासाला साठ मिलीलीटर

हे कोणाला पटणार नाही, हे मला माहीत आहे. पटावं म्हणून लिहीतही नाही. फक्त एवढं सांगतो, की जिच्यासोबत हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण आहे. मिनल. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी., वर लॅबचा डिप्लोमा. घरात कोणाला कणकण वाटली तरी ही आधी थर्मामीटर शोधते, मग बोलते.

तिची वही मी स्वतः पाहिली आहे. तारीख मंगळवार, २३ एप्रिल २०२४. वेळ रात्रीची नाही. सकाळचे सव्वादहा.

जागा पश्चिम नागपुरातलं एक खासगी हॉस्पिटल. केस चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. तिथे तळघरात लॅब आहे. ऑपरेशनमध्ये काढलेले अवयव फॉर्मलीनच्या बरण्यांत घालून तपासणीसाठी तिथेच येतात. मिनल तिथे टेक्निशियन होती. मदतीला एकच माणूस, धोंडबा. बावीस वर्षं तळघरात काढलेला.

त्या सकाळी धोंडबाने तिला आल्या आल्या अडवलं.

"मॅडम, ह्या ट्रेमंदी पानी कोनं सांडलं?"

"एसी गळत असेल."

"एसी त तिकडं हाय. ट्रे इकडं हाय. उडी मारून आलं काय पानी?"

ट्रेमध्ये एकच बरणी होती. तीन लिटरची, पक्क्या झाकणाची. काल संध्याकाळी तिच्यात वरून चार बोटं जागा होती. आता ती काठोकाठ भरली होती… आणि झाकणाच्या आट्यांतून पाणी ओघळत होतं.

मिनलने लेबल वाचलं. नत्थूजी, वय एकसष्ट, राहणार कोराडी. डावी किडनी. मोठा मुतखडा, पू झालेला.

मग तिने बरणीत पाहिलं.

आतली किडनी गुळगुळीत होती. तांबूस, मुठीएवढी, पुस्तकातल्या चित्रासारखी. खडा नाही. पू नाही. ऑपरेशनआधीचं स्कॅन तिने कॉम्प्युटरवर उघडलं. डावी किडनी फुगून वेडीवाकडी झालेली, आत दगड. उजवी साफ.

डॉक्टरांनी चांगली किडनी काढली होती. सडलेली आत ठेवली होती.

तिच्या कानशिलांपर्यंत राग चढला. पण त्यातला निम्मा स्वतःवर होता. सोमवारी ही बरणी तिनेच घेतली होती. फॉर्म बघून रजिस्टरमध्ये 'डावी' लिहिलं होतं, सही केली होती. बरणीत डोकावली नव्हती.

लॅबचे डॉक्टर परगावी होते, गुरुवारी येणार होते. वर कोणाला सांगायचं, कसं सांगायचं, याचा विचार करत तिने बरणीतलं चार बोटं पाणी काढलं. काळ्या पेनाने काचेवर पातळीची खूण केली. झाकण घट्ट लावलं. बरणी कोरड्या टेबलावर ठेवली. वहीत लिहिलं, सव्वादहा.

सव्वाअकराला पाहिलं तर पातळी खुणेच्या वर होती.

जास्तीचं पाणी तिने काढून मोजलं. साठ मिलीलीटर.

उष्णतेने फुगलं म्हणावं, तर एवढं फुगायला बरणी सत्तर डिग्रीपर्यंत तापवावी लागली असती. खोलीत चोवीस डिग्री होतं. झाकणाला कोणी हात लावला नव्हता. धोंडबा तिच्यासमोरच बसून टेस्टट्यूब धूत होता.

निरोगी माणसाच्या किडन्या तासाला साधारण तेवढीच लघवी करतात. हे तिच्या डोक्यात आलं, आणि तिने ते हाकलून दिलं.

मग तिने तेच केलं जे तिला शिकवलं होतं. फॉर्मलीन बाजूला काढलं. किडनी बाहेर काढून स्वच्छ पाण्याने धुतली, टिपून कोरडी केली आणि रिकाम्या स्टीलच्या भांड्यात ठेवली. वर काच.

"आता काय, आपन दोघांनं मिळून हा सिनेमा पाहाचा काय?" धोंडबा म्हणाला.

"गप बसा ना, काका."

दोघं बघत राहिले. एक मिनिट. दोन मिनिटं.

किडनीतून निघणारी नळी चार बोटांवर कापलेली होती. तिच्या टोकाशी काहीतरी चमकलं…

एक थेंब.

तो फुगला, लोंबला, आणि पडला. टप.

मग दुसरा.

धोंडबाच्या हातातली ट्यूब बेसिनमध्ये फुटली. भिंतीला पाठ लावून दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला.

मिनलने भांड्याला बोट लावलं. गार. थेंबांच्या डबक्यात थर्मामीटर धरलं.

सदतीस.

वीस मिनिटांत एक ट्यूब भरली. पिवळसर, स्वच्छ. हे नेमकं काय आहे हे तिला कळायलाच हवं होतं. तिने ट्यूब मशीनला लावली. पेशंटचा नंबर टाकल्याशिवाय मशीन पुढे जात नाही. तिने लेबलवरचा नंबर टाकला. नत्थूजींचा.

१२:४० ला कागद बाहेर आला. लघवी. सर्व काही नॉर्मल.

तो कागद तिने वहीत चिकटवला. किडनी परत फॉर्मलीनमध्ये ठेवली. तो रिपोर्ट त्याच क्षणी वरच्या वॉर्डच्या कॉम्प्युटरवरही गेला होता, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

दुपारी तिने डॉ. सुमंतांना फोन केला. ऑपरेशन त्यांनीच केलं होतं.

"सर, नत्थूजींची किडनी… ती चांगली आहे सर. बाजू चुकली असं वाटतं."

पलीकडून अगदी मऊ आवाज आला.

"तू टेक्निशियन आहेस ना? मग वाटून घेऊ नकोस. बरणी बंद करून ठेव."

नागपूरला लागून असलेल्या वाडीत तिची भाड्याची खोली होती. त्या रात्री ती झोपली नाही, एवढंच वहीत आहे.

बुधवारी सकाळी ती स्वतःच रक्त घ्यायला वॉर्डात गेली.

नत्थूजी डोळे मिटून पडले होते. चेहरा सुजलेला, श्वास जोराचा. खाटेखाली लघवीची पिशवी लटकत होती.

पिशवी रिकामी होती. चुरगळलेली. आत एक थेंब नाही.

स्टुलावर त्यांची बायको ताराबाई बसली होती. मिनलला बघून ती उठली.

"पोरी, तू त शिकेल दिसतं. सोमवारपासून थैली कोरडी हाय. मी सांगून राहिली, त म्हनते रिपोर्ट चांगला हाय. थैलीत काही नाही अन् रिपोर्ट कशाचा काढला बाप्पा यानं?"

मिनलला १२:४० चा कागद आठवला.

तेवढ्यात डॉ. सुमंत राउंडला आले. हातात कागद. तोच रिपोर्ट. १२:४०.

"हे बघा ताई, कालचा लघवीचा रिपोर्ट. नॉर्मल. लघवी होतेय, पिशवीची नळी कुठेतरी दबली असेल. थोडी सूज आहे, दोन दिवसांत उतरेल."

"सर, तो रिपोर्ट यांचा नाही," मिनल म्हणाली.

"नंबर यांचाच आहे. सही तुझी आहे."

"लघवी पिशवीतली नव्हती."

"मग कुठली होती?"

सगळा वॉर्ड तिच्याकडे बघत होता. तिला उत्तर माहीत होतं.

डॉक्टर थोडेसे हसले. तिने पुढे मला सांगितलं, तिला भीती वाटायची ती त्या हसण्यासरशी संपली. फक्त संताप उरला. ती डॉक्टरांकडे पाठ करून ताराबाईंकडे वळली.

"आई, ऐका. यांनी चांगली किडनी काढली. उजवी. खराब होती ती आतच आहे, आणि ती तुंबली आहे. यांना आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात न्या. इथे ठेवलं तर हे वाचणार नाहीत."

ताराबाईने डॉक्टरांकडे पाहिलं.

"खरं हाय काय, साहेब?"

"ऑपरेशनच्या बाजूला आम्ही पेनाने बाण काढला होता. सोमवारी सकाळी तुम्ही यांना आंघोळ घातली. बाण कोणी पुसला? तुम्हीच ना?"

"हो. घासून काढला. मले वाटलं डाग हाय. ऑपरेशन म्हंजे देवाजवळच जानं, त स्वच्छ जावं म्हटलं." ती एक पाऊल पुढे आली. "मी पुसला म्हनून तुमी दुसरीकून फाडलं? मी अडाणी हाय, साहेब. तुमी काहून नाही पाह्यलं? तुमच्यापाशी फोटो होता ना आतला?"

डॉक्टरांनी मोबाइल काढला आणि तळघरात फोन लावला. ती बरणी आत्ता पिवळ्या पिशवीत टाक, गाडी येईल. पिवळी पिशवी म्हणजे जाळायचा कचरा.

मिनल जिन्याने धावत खाली गेली. धोंडबा टेबलापाशी पिवळी पिशवी घेऊन उभा होता. पिशवीत जुने कापसाचे बोळे होते. बरणी त्याने एका कापडी थैलीत घालून ठेवली होती.

"घेऊन जा, मॅडम. मले विचारलं त मी सांगीन, जाळली. बावीस वर्स झाले, खोटं बोलाले मले काही वाटत नाही. अन् हिले जाळाले हात नाही होत. जित्ती हाय ते."

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये नत्थूजी आडवे; ताराबाईने अंगठा देऊन त्यांना तिथून काढलं होतं. एका बाजूला ताराबाई, समोर मिनल, मांडीवर थैली. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. सायरन चालू होता. तरीही तिला एक आवाज स्पष्ट ऐकू येत होता…

टप. टप.

तिची मांडी भिजली. कोमट.

"काय गळून राहिलं वं?" ताराबाईने विचारलं.

मिनलने सांगितलं. सगळं. ताराबाई घाबरली नाही. तिने थैलीवर हात ठेवला, आणि उतरेपर्यंत काढला नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. उजवी किडनी नाही. डावीत दगड, मागे सगळा पू. पाठीतून नळी घातली. आधी पू आला. मग सहा वाजून दहा मिनिटांनी नवीन पिशवीत लघवीची पहिली धार आली.

मिनल बाहेर बाकावर बसली होती. सव्वासहाला तिने थोडं पाणी काढून बरणीवर खूण केली होती. सातला पाहिलं.

पातळी खुणेवरच होती. आठलाही तिथेच. नऊलाही तिथेच.

दुसरीने काम हाती घेतलं, आणि ही थांबली.

पोलीस आले, पंचनामा झाला. बरणीला लाखेचं सील लागून ती ठाण्यातल्या खोलीत गेली. मिनलची नोकरी त्याच दिवशी गेली. नत्थूजी आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेत जगले. ९ ऑगस्टला गेले. ती अर्धी सडलेली किडनी तरी किती ओढणार?

डिसेंबरात चौकशी समितीसमोर मिनलची साक्ष झाली. हॉस्पिटलचा वकील तयारीत होता. खूण कुटुंबाने पुसली, म्हणून बाजू चुकली. आणि नंतर हलगर्जी झालीच नाही, हा घ्या पुरावा. २३ एप्रिल, १२:४०, लघवीचा रिपोर्ट नॉर्मल. पेशंट आमच्याकडे ठणठणीत होता.

तिच्या सहीचा कागद. ज्या किडनीवर त्यांनी दरोडा घातला, तिचीच साक्ष त्यांनी स्वतःच्या बाजूने उभी केली होती.

"मॅडम, ही लघवी कोणाची होती?" वकिलाने विचारलं.

एक खोटं सोपं होतं. नंबर चुकला, दुसऱ्या पेशंटची होती, एवढं म्हटलं की कागद बाद. ताराबाईची केस वाचली असती. पण मिनलने आयुष्यात एकही खोटं रीडिंग लिहिलेलं नाही.

"नत्थूजींची," ती म्हणाली. "बरणीतली."

समितीतला एक जण हसला. दुसऱ्याने चष्मा काढून पुसला.

"हसा," मिनल म्हणाली. "पण सील तोडा. बरणी या टेबलावर ठेवा, पेनाने खूण करा आणि एक तास बसा. मी तोंडातून शब्द काढणार नाही. फक्त एक तास बसा."

"लेखी द्या," अध्यक्ष म्हणाले. तिने तिथेच लिहून दिलं. पुढची तारीख मिळाली.

त्याच संध्याकाळी ठाण्यातून हवालदाराचा फोन आला. बरणी साक्षीला हजर करायची होती, म्हणून त्याने ती आज पहिल्यांदा उचलून पाहिली होती.

"मॅडम, त्या बरणीत काय भरलं हाय तुमी? सील शाबूत हाय, अन् खालून ओलं होऊन राहिलं. पंधरा ऑगस्टच्या साफसफाईत पहिल्यांदा दिसलं. तवापासून रोज पुसून राहिलो. पोट्टे म्हनते उंदीर मुतला. उंदीर रोज एकाच जागी मुतते काय?"

नत्थूजी ९ ऑगस्टला गेले होते. तेव्हा आतली दुसरी बंद पडली होती.

मिनलने ते ताराबाईला सांगितलं. कोराडीच्या त्यांच्या घरी मीही सोबत होतो. अंगणात तुळशीच्या पानांवरसुद्धा तिथल्या वीजकेंद्राच्या राखेचा थर होता. ताराबाई बराच वेळ ती राख बोटाने पुसत बसली. मग एवढंच म्हणाली,

"तिले कोनी सांगतलंच नसन वं… बुढा गेला म्हनून."

सील अजून कोणी तोडलेलं नाही. पुढच्या तारखेला मी जाणार आहे. घड्याळ आणि काळा पेन घेऊन.